बारा व्होल्ट

अशा गाड्यांत तीन वेळा गॅस भरून झालेला असतो.
कणकवलीत एकदा, कुडाळात एकदा,
आणि एकदा मेव्हण्याच्या ओळखीत कुणाकडे तरी.
मग गाडी येते मिठमुंबरीच्या वळणावर
माझ्या पत्र्याखाली,
जिथे गावाच्या नावातच मीठ आहे.

पास्कू फर्नांडिस बॉनेट उघडून उभा.
"गे बाय, गॅसच भर. दुसरा काय बघू नको.
आवशीक घेऊन ओरोसाक जावचा हा,
डायलिसिसाक. आठवड्यात दोनदा."
मागच्या सीटवर रोझामावशी,
डोक्यावर ओला पंचा, हातात पर्स घट्ट,
जणू डॉक्टर इथेच येणार आहे.

मी आधी गॅस बघत नाही.
आधी ऐकते.
स्विच दाबला की कॉम्प्रेसरपाशी
एक 'टक्' व्हायला हवं,
आतून कुणी कडी सरकवल्यासारखं.
नाही झालं.
ब्लोअर मात्र जोरात. गरम वारा,
त्याला सुक्या बांगड्याचा वास.

फ्यूज काढून उजेडाकडे धरला. शाबूत.
हॉर्नचा रिले तसाच असतो, तो उपटून इकडे लावला.
पास्कूचा हात सवयीने हॉर्नवर गेला, वाजला नाही,
आणि चेहरा उतरला.
"आता हॉर्नय गेलो?"
उसना घेतलाय, म्हटलं. परत देते.

प्रेशर स्विचच्या टोकांत वायरीचा तुकडा घालून पाहिला,
क्षणभरच. तरी काही नाही.
मग क्लचच्या सॉकेटात मीटरच्या दोन सुया.
बारा व्होल्ट. पूर्ण बारा, वर पॉइंट चार.
इथे माणसं फसतात.
इथे कॉम्प्रेसर बदलतात, अठरा हजार मोजतात.

लाडू मेस्त्री मीटरला हात लावायचे नाहीत.
त्यांच्याकडे इंडिकेटरचा एक बल्ब होता,
दोन वायरी, एकीला चिमटा, एकीला दाभण.
"मीटर नुसतो इचारता, गो. बल्ब कामाक लावता."
नुसतं विचारलं तर
सगळेच म्हणतात, आहे, आहे.

तो बल्ब आता माझ्याकडे असतो.
त्याच दोन टोकांना लावला.
पेटला नाही. आतली तार लालसुद्धा झाली नाही.
दाभण तिथेच ठेवलं, चिमटा नेऊन
थेट बॅटरीच्या मायनसला लावला.
लख्ख.

म्हणजे येणारं सगळं येतंय.
परत जायला वाट नाही.
आमच्या धंद्यात त्या वाटेला अर्थ म्हणतात.
एक काळी वायर, बोल्टाने बॉडीला टेकलेली.
बाहेरून कोरी, इन्सुलेशनवर चरासुद्धा नाही.
बोटांत वाकवत गेले, तर एका जागी
नको तितकी मऊ.

सोलली. तांबं नव्हतं.
हिरवी पूड होती, मोरचुदासारखी,
आणि तिच्यात तांब्याचे दोन-तीन केस,
मीटरला हो म्हणण्यापुरते.
आठ वर्षं समुद्र त्या नळीतून
आत सरकत होता, नखानखाने,
पास्कू रोज रात्री गाडीवर ताडपत्री घालत होता तेव्हाही.

गुलाबी तांबं दिसेपर्यंत कापत गेले.
वीतभर वायर गेली.
नवी जोडली, बोल्टाची जागा
पॉलिशपेपरने चकचकीत घासली, वर ग्रीस.
पास्कूला सांगितलं, अर्थ तुटला होता.
"म्हणजे?"
म्हणजे काही नाही. साठ रुपये.

स्विच. टक्.
इंजिन किंचित दबलं,
डोक्यावर हारा चढल्यावर बाई पाय रोवते तसं,
आणि पुन्हा लयीत आलं.
थोड्या वेळाने पाइपाला घाम.
पास्कूने आधी हॉर्न वाजवून खात्री केली.

रोझामावशीने पंचा काढला नाही.
जाळीपुढे हात धरला, सुलटा, मग उलटा,
बाजारात मासळीचा ताजेपणा बघावा तसा.
मग त्याला म्हणाली,
"येताना बंद कर हां.
येताना माका थंडी भरता."