पाचवं नख

ढग काढतो तो वेगळा, लाटा काढतो तो वेगळा.
खवले भरायला दोन पोरं आहेत, सबंध दिवस
खवल्याशेजारी खवला, मान वर न करता.
ड्रॅगनचे डोळे फक्त म्हातारा श्यांग काढतो,
तेही सकाळी, पोटात काही जाण्याआधी.
माझ्याकडे नखं.

बावीस वर्षं. एका पायाला पाच, पाय चार,
म्हणजे एका वाडग्यावर वीस.
चार काढली तर भांडं राजपुत्राचं होतं,
तीन काढली तर कुणाचंही;
आणि पाचाच्या जागी चुकून चार काढली
तर ते भांडं कुणाचंच उरत नाही,
काढणाराही.

कच्च्या मातीवर खोडता येत नाही.
कुंचला टेकला की माती पिते,
तान्हं पितं तशी, डोळे मिटून.
रंग तेव्हा निळा नसतोच.
चुलीच्या राखेत पाणी सांडावं तसा मळकट, करडा.
निळा होतो तो आत, बंद भट्टीत,
पाइनच्या जाळात, जिथे आपण कुणी नसतो.
बावीस वर्षांत एकही नख
काढताना मी निळं पाहिलेलं नाही.

आणि ज्याच्यासाठी काढतो
त्याचं तर नखही दृष्टीस पडलेलं नाही.
इथून, जिंगदेजनहून, चांग नदीने सरोवर,
तिथून मोठी नदी, मग कालवा,
गवतात गुंडाळलेले वाडगे महिनोन् महिने उत्तरेला जातात.
म्हणे तो त्यातून भात खातो.
म्हणे खात नाही, नुसते मांडून ठेवतात.
नावाडी काहीही सांगतात.

निवडून जातात ते थोडे.
उरलेले (कुठे चरा, कुठे बुडाशी वाळूचा कण,
कुठे निळा जरासा पळालेला)
विकायचे नाहीत, द्यायचे नाहीत,
तिथल्या तिथे नख लावायचं.
आवारामागच्या खड्ड्याशी तिघं हातोड्या घेऊन बसतात.
आवाज मोठा होत नाही. भांडं पातळ;
पहाटे खाचरातल्या बर्फाच्या पापुद्र्यावर
पाय पडावा, तेवढाच.
त्या खड्ड्यात माझी नखं किती
हे मी एकदा मोजायला बसलो होतो.
मग उठलो.

गेल्या थंडीत माझी मुलगी, युनश्या,
कापडी जोड्याच्या तळाला रुतलेला तुकडा घेऊन घरी आली.
अंगठ्याएवढा. त्यावर एक नख.
बायकोने दार लावलं, दिवा विझवला.
अंधारात तिघं बसून राहिलो,
घरात साप निघावा
आणि कुठे शिरला ते कळू नये, तसे.
पाच नखांचं काही घरात सापडलं तर काय होतं
हे आमच्या गल्लीत पोरासोरांना पाठ आहे.

बऱ्याच वेळाने पोर म्हणाली,
"पण हे पाचातलंच कशावरून?
तिनातलं असेल.
कोंबडीचंही असेल."

बायको हसली. मीही हसलो असेन.
मी ओळखलं होतं. मागच्या उजव्या पायाचं, पाचवं,
टोकाशी किंचित आत वळलेलं,
कारण तिथवर येईस्तोवर माझं मनगट थकतं.
बोललो नाही.

आता ते आलं खरवडायच्या कामी येतं.
धार चांगली आहे.
मासा आला की बायको त्यानेच खवले काढते,
भराभरा, शेपटीकडून डोक्याकडे,
आणि पाटभर, ओंजळभर, केसांत, चुलीपाशी
खवले उडतात,
जे भरायला कुणी पोरं बसवली नव्हती.

उद्यापासून रांजणांचं काम.
त्यांची नखं माझ्या तळहाताएवढी.
श्यांग म्हणतो, दहांतला एक धड निघाला तर नशीब.
हे घरी सांगितलं तर बायकोने विचारलं,
त्यांची खापरं जाड असतील, नाही?
वाऱ्याने दार आपटतं,
अडवायला काहीतरी हवंच होतं.