गुंजभर

दिवसा इथे सोनं तोलतात,
रात्री साबुदाण्याची खिचडी.
शटर पडतात आणि त्याच पायऱ्यांवर
कढया चढतात, गराडूवर जिरावण पडतं,
अख्खं इंदूर प्लेट हातात घेऊन उभं सराफ्यात.
मी सोडून.

मी बाबांच्या मागे, ओढणीत नाक.
"जेवून आलेय" हे वाक्य
खिशातल्या जुन्या तिकिटासारखं मऊ पडलेलं.

तेव्हा ती दिसली,
दोन बंद पेढ्यांमधल्या बोळात.
हातात इवलासा तराजू,
एका पारड्यात लाल गुंजा, दुसऱ्यात काहीच नाही.
तोंडाच्या जागी नुसती शिवण,
तरी मला ऐकू आलं:
रोज एक गुंज दे. हलकं करीन तुला.

देऊन टाकली. एका गुंजेनं काय होतं?

दुसऱ्याच रात्री जिन्याला माझी चाहूल लागेना.
महिन्याभरात मी विजेच्या तारेवरून चालले,
सराफ्यापासून राजवाड्यापर्यंत.
सातव्या मजल्यावरचे पारवे
कूस बदलून झोपले, उडाले नाहीत.
खाली जिलेबीचा धूर, वर मी.
खोटं कशाला बोलू, छान वाटायचं.
आजोबांनी झाडाचं नाव ठेवलं होतं, शाल्मली,
मी त्यातला नुसता कापूस निवडला.
वर्गातल्या मुली विचारायच्या,
कसं जमतं गं तुला?

ती मांस तोलत नव्हती, हे उशिरा कळलं.
पहिल्या गुंजेत गेलं माझं खिंकाळून हसणं.
मग आईच्या हाकेतली लांबलेली ई.
मग कंपासनं वर्तुळं काढायची हौस.
मग ऊब: मे महिन्यात स्वेटर.
लिफ्टचं दार मला मोजेना,
अंगावर मिटायचं.
एकदा घरची बेल दाबली, ती वाजेना.
अर्धा तास मी माझ्याच दारात,
आत कुकरच्या शिट्ट्या,
आणि आई फोनवर कुणाला तरी,
"बरी आहे हो, जरा बारीक झालीय, इतकंच."

शिवण म्हणाली, आता शेवटची. नाव दे.

पहाटे चारला सराफा पुन्हा बदलतो.
तवे घासून होतात, आणि झारेकरी येतात
कुंचे-घमेली घेऊन. पेढ्यांसमोरची धूळ,
गटारातला गाळसुद्धा भरून नेतात,
धूत बसतात, कण चमकेपर्यंत.
त्यांच्यात नफीसा. माझ्याच वयाची,
कोपरापर्यंत काळी.
तिनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत
वर पाहणारी पहिलीच.
"ओ! ये तेरे हैं क्या?"

घमेल्यात, राखेत, पाकानं चिकटलेल्या
माझ्या गुंजा.
शिवणवाली ठेवतच नव्हती त्या.
तोलायची आणि गटारात टाकायची.
तिला फक्त रिकामं पारडं
खाली गेलेलं बघायचं होतं.

"मला नकोत."
"तो मत ले," नफीसा म्हणाली, धूतच राहिली.
"मेरे पास पड़े रहेंगे. हम लोग कुछ फेंकते नहीं."

त्या दिवशी मी उतरले नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
कितव्या पहाटे उतरले, आठवत नाही;
तळहातावर एक गुंज ठेवली तिनं,
आणि मनगट खाली गेलं.
इतकी जड! रडूच आलं मला.

मग गुरुवारच्या डॉक्टरबाई, पलासियाच्या.
त्यांच्याकडे तराजूची पाठ माझ्याकडे.
मग एक भिरकावलेलं ताट, भिंतीवर वरणाचा डाग,
आई पुसत नाही तो, मीही नाही.
काही रात्री पुन्हा तार.
शिवणवाली अजून बोळात असते,
मान हलवते ओळखीची.
नफीसाकडे अजून मूठभर शिल्लक आहेत,
ती घाई करत नाही.

कालचं सांगते.
क्लासहून आले, बेल दाबली.
वाजली. ठणठणीत, वेड्यासारखी.
आई पीठाच्या हातांनी धावत आली,
"शाल्मलीऽ! एकदा वाजवलीस की पुरे!"

मी बोट काढलंच नाही.