आडनाव सप्टेंबर

आमचं आडनाव सप्टेंबर.
बँकेतली बाई म्हणाली, जन्ममहिना नको, आडनाव सांगा.
तेच सांगतेय, म्हटलं.
केपटाऊनच्या आमच्या एका गल्लीत
दोन एप्रिल राहतात, कोपऱ्यावर एक फेब्रुवारी.
ज्या महिन्यात जहाज धक्क्याला लागलं
तो महिना कारकुनानं माणसापुढे लिहून टाकला
आणि माणसाचं नाव कुठे सांडलं
ते विचारायला कुणी उरलं नाही.

माझं पाळण्यातलं नाव गदिजा.
खदीजामधला ख
वाटेत कुणाच्या तरी घशात अडकून राहिला.

त्या पहिल्या सप्टेंबरनं
जिभेखाली लपवून थोडं आणलं होतं:
रोजाला आम्ही अजून पुआसा म्हणतो,
ईदला लबारांग,
शेजारणीची वाटी परत करताना त्रमाकासी.
बास. मुठीत मावतील एवढेच शब्द.
बाकी भांडतो, लाडात येतो, झोपेत बरळतो
ते सगळं मालकाच्या भाषेत,
जी आता आमचीही आहे
आणि तिनं तसं कधी कबूल केलेलं नाही.

आजोबांची मदरशातली वही माझ्याकडे आली.
उजवीकडून डावीकडे अरबी अक्षरं.
मी डोकं झाकलं, वुजू केला,
बोट ठेवून हळूहळू लावत गेले
आणि अक्षरं आफ्रिकान्समध्ये बोलू लागली:
नदीकाठी वुजू करत असलास
तरी पाणी वाया घालवू नकोस.
त्याखाली, त्याच पाक वळणात,
उधारी:
कासिमकडून अडीच शिलिंग येणं.
मी खूप वेळ हसले. मग नुसतीच बसून राहिले.

नोकरी पार्लला, वाईनच्या प्रयोगशाळेत.
साखर किती, गंधक किती, आंबटपणा किती,
वीस वर्षं मोजतेय; थेंब चाखलेला नाही.
मालक म्हणतो, तुझ्याइतकी शुद्धीत इथं कुणीच नसते.
भाऊ इगसान माझ्या पगाराचं खात नाही.
मौलूदला बायका मशिदीत बसून
लिंबाची पानं केसासारखी बारीक चिरतात,
अत्तर लावून कागदाच्या पुड्या बांधतात.
माझ्या हातची पुडी मात्र तो खिशात ठेवतो,
शुक्रवारी काढून हुंगतो.
वहिनीनं सांगितलं. त्याला ठाऊक नाही मला ठाऊक आहे ते.

लेकीला शाळेतून वंशवृक्ष करायला सांगितलाय.
वर्गातल्या नोमवुलाचा सात पिढ्या खाली जातो,
गुरांच्या नावांसकट.
इल्हामचा पाच फांद्यांवर थांबला
आणि पुढे समुद्र.
'आई, आपण मूळचे कुठले?'
जावा म्हणतात, मकासर म्हणतात,
बंगालही म्हणतात,
ज्याला जे बंदर आवडतं ते तो म्हणतो.
मी म्हटलं, लिही, याच गल्लीतले.
'बाईंना ते पुरणार नाही.'
बाईंना काय, मलाही पुरलेलं नाही.

रात्री सी पॉइंटच्या कठड्यावर आम्ही चंद्र बघायला गेलो.
चटया, थर्मास, दुर्बिणीवरून भांडणारी म्हातारी माणसं.
मी डोक्यावरून ओढणी घेतली होती;
वाऱ्यानं ती काढली, मी पुन्हा घेतली,
त्यानं पुन्हा काढली, मग मी मानेभोवती गुंडाळली.
इल्हाम म्हणाली, रमजान आणि सप्टेंबर
कधी भेटतात का एकमेकांना?

भेटतात. एक पक्का जागचा हलत नाही,
दुसरा दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत
उन्हाळ्याहिवाळ्यातून चालत राहतो.
मागे भेटले तेव्हा तू पोटात होतीस.
डॉक्टरनं रोजे नको म्हटलेलं; मी तीन धरलेच.
टेबल माउंटनखाली वसंत होता, रस्त्याकडेला डेझी उमलल्या होत्या,
इथे सप्टेंबरात उमलतात.
'आणि पुढची भेट?'
मी साठीची होईन तेव्हा.

कुणीतरी ओरडलं, तो बघा.
सगळ्यांची बोटं वर गेली, वेगवेगळ्या दिशांना.
मला काही दिसलं नाही.
इल्हामनं माझी हनुवटी धरून
थोडी डावीकडे वळवली.