एक फळी कमी

पुस्तक एका बेटाबद्दल आहे
आणि आम्ही त्याच बेटावर बसून ते वाचतो,
झीलंडच्या बांधाआड, समुद्रापेक्षा दीड हात खाली,
सातवीतले एकोणीस जण आणि मी.

गोष्टीतली नील्त्ये बारा वर्षांची.
चौथ्या प्रकरणात ती बांधावरच्या कोठीतून
एक फळी उचलते, ओकची, डांबर माखलेली,
खुराड्याला दार नाही म्हणून.
नवव्या प्रकरणात शनिवारची रात्र, वायव्येचा वारा.
माणसं बांधातल्या खिंडीत फळ्या बसवतात, एकीवर एक,
आणि सगळ्यात वरची खाच रिकामी राहते.

"पाणी का आलं?"
"नील्त्येमुळे!" सगळा वर्ग एका सुरात.
इतकं झटपट उत्तर आलं की
मला त्या मुलीची काळजी वाटते.

फळ्यावर मी तिचं नाव लिहिते. एकटंच.
तिला फळी का लागली? दार नव्हतं.
दार का नव्हतं? लाकूड नव्हतं.
लाकूड का नव्हतं?
यिकमीन बोटाला थुंकी लावत मागची पानं चाळते
(आज मी रागावत नाही)
आणि वाचते: लढाईत सैन्याने शेतं बुडवली,
खाऱ्या पाण्यात झाडं उभ्या उभ्या मेली.
म्हणजे पाणी आलं म्हणून झाडं गेली,
झाडं गेली म्हणून फळी गेली,
फळी गेली म्हणून
ती थांबते. माझ्या हातातला खडू घेते
आणि शेवटचा बाण वळवून
पुन्हा पहिल्या शब्दाला टेकवते.

मग सगळ्यांनाच चेव येतो.
पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, भरतीला उधाण.
रात्री बारानंतर रेडिओ झोपायचा.
रविवारी कचेरीत कोण असणार?
लेंडर्ट म्हणतो, "आणि कुत्रा रडला. पान एकशे चार.
कुत्रा रडला, मग पाणी आलं."
मी 'मग' आणि 'म्हणून' शेजारी शेजारी लिहिते,
दोघे चुलतभाऊ दिसतात, पण एका घरात राहत नाहीत.
आमच्याकडे कावळा नाही, फांदीही नाही,
सीगल बसायला आणि बांध फुटायला
एकच गाठ.
लेंडर्ट कुत्र्याला पुसून टाकतो, जरा नाराजीनेच.

तेवढ्यात क्राइन, जो कधी हात वर करत नाही,
खिडकीकडे बघत म्हणतो,
"कोठीला कुलूप का नव्हतं, ते कुणी विचारलंच नाही."
विचार की.
"माझे पणजोबा बांधाचे राखणदार होते. खरेखुरे.
पुस्तकातले नाही.
आमच्या घरी हे विचारत नाहीत."

माझ्याकडे पंचवीस वर्षांची शिकवणी आहे,
या क्षणासाठी त्यात एक वाक्य नाही.
फळा बाणांनी भरलाय,
बाभळीच्या काट्यांसारखे सगळीकडून रोखलेले,
आणि मधे अजून नील्त्येचं नाव.

सेगेन दोन वर्षांपूर्वी एरिट्रियाहून आली,
बोलण्याआधी प्रत्येक शब्द हातात तोलून बघते.
ती विचारते,
"नील्त्येला शेवट माहीत होता का?"

नाही, मी म्हणते.
चौथ्या प्रकरणात तिला फक्त
घुशींचे दात माहीत होते,
आणि दोन कोंबड्या कमी झालेल्या.

"आपल्याला माहीत आहे," सेगेन म्हणते,
"म्हणून आपण तिच्यावर रागावतो."
हे 'म्हणून' मी पुसत नाही.
क्राइन खिडकीतून नजर काढतो.

घंटा. दप्तरं, सायकली, बांधावरून घरी.
बाणांचं जंगल तसंच ठेवून मीही निघते.

सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात, जागा होती तेवढ्यात,
दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत:
कोठीत फळ्या चौदा. मोजल्या, फटीतून.
कुलूप आहे.
किल्ली कुणाकडे, गावात तिघांना विचारलं.
माहीत नाही.