सुट्टे काढून ठेवा

शिरपूर आगाराच्या कोकिळा बागुल, वय सत्तेचाळीस,
ड्यूटी संपवून तशाच खाकीत आल्या देवपूरच्या दवाखान्यात,
खांद्यावर मशीनच्या पट्ट्याचा वळ.
भुवयांमधल्या दोन उभ्या रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या,
"सिस्टर, हाई काढनं शे.
एकोणीस वर्षं नरडाण्याचं ऊन बघितलं डोळे बारीक करून.
आता चिडले नसले तरी लोक विचारतात,
बाई, काय झालं?"

डॉक्टर सुई देतील. विचारायचं काम माझं.
रक्त पातळ व्हायची गोळी?
नाही.
पोटात, अंगावर बाळ?
त्या हसल्या, आणि डोळ्यांच्या कडेला एक पंखा उघडला
ज्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.
पापणी जड होते, गिळताना अडकतं, स्नायूंचा आजार?
"दुखतं सगळंच. पण ते आगाराचं."

मग सांगायला लागले.
उद्या काही दिसणार नाही.
चार दिवसांनी थोडं, पुरतं कळायला पंधरवडा.
कानबाईचे रोट वीस दिवसांवर, म्हणजे जमतंय;
आदल्या दिवशी येऊन दुसऱ्या दिवसाचा चेहरा मागणाऱ्यांना
मी परत पाठवते.
चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही.
घाम टिपायचा, पुसायचा नाही.
क्वचित एखादी पापणी अर्ध्या शटरसारखी उतरते,
काही आठवडे. वर जाते आपली आपण,
घाई करून उचलता येत नाही.
आणि गिळता येईना, बोलता येईना, दम कोंडला,
तर मला फोन नको. सरळ मोठं हॉस्पिटल.

स्वस्तात पार्लरमध्ये करून देतात, तिथे जाऊ नका.
इथेसुद्धा विचारा:
बाटलीचं सील माझ्यासमोर फुटेल ना?
रात्री लाइट गेली तेव्हा फ्रिजचं काय केलं?
टोचणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या कागदावर आहे का?
विचारलेलं ज्याला खपत नाही
त्याच्या खुर्चीतून उठायचं.

"कितला रोज टिकी?"
तीन महिने. चार.
"मंग?"
मग पुन्हा.
त्या मनात भाडं लावत होत्या, मला दिसत होतं.
टप्प्यामागून टप्पा,
आणि यात महिलांना अर्धं तिकीट नाही.

उठता उठता हळूच,
"आणि बिनतिकिटाच्याकडे बघायचं झालं तर?"

हे फॉर्मवर नाही.
मी माझंच सांगितलं.
गेल्या साली डॉक्टरांनी मला टोचलं, कमी पैशात.
महिन्याभराने नवऱ्याशी भांडले, जीव खाऊन,
तर तो म्हणाला, बरं झालं, तू शांतपणे घेतलंस.
तेव्हापासून तोंडाने सांगते: मी चिडलेय.
वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मला कधी लागलंच नव्हतं.

कोकिळाबाईंनी फॉर्मच्या चार घड्या केल्या,
पैशांच्या बॅगेत घातल्या, आणि "देखस" म्हणून गेल्या.

आज सोनगीरला निघालेय, भाचीसाठी तांब्याचा हंडा बघायला.
गाडी त्यांचीच.
मागच्या बाकावर एकजण झोपेचं सोंग घेऊन,
त्या त्याच्यासमोर उभ्या.
मला नुसता अंबाडा दिसतोय, आणि पट्टा.
बोलल्या काही नाहीत.
त्याने डोळे उघडले, वर बघितलं,
मग खिशात हात घातला.

माझ्यापाशी आल्या तेव्हा खिडकीतून ऊन सरळ तोंडावर,
डोळे बारीक, कपाळावर पदराएवढा उजेड.
रेघा होत्या की नव्हत्या, सांगता येईना.
"सिस्टर, सुट्टे काढून ठेवा."

विचारायचं काम माझं, खरं.
पण ड्यूटीवर त्या होत्या.