काडीभर

औलूच्या प्रयोगशाळेत एक खोली आहे
तिथे टाळी वाजवली तर हातातच मरते.
भिंतींना, छताला, दाराच्या पाठीलासुद्धा
निळ्या स्पंजाचे सुळे.
आलेली लहर गिळतात, परत काही देत नाहीत.
मधोमध माझी अँटेना, इवल्याशा रुळावर.
सरकते तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी,
थांबते, कान देते,
पुन्हा सरकते.

सिर्पा विचारते, एवढ्याशा हलण्यानं काय होतं?

होतं ते असं:
एकच हाक दोन वाटांनी येते.
एक थेट. दुसरी समोरच्या पत्र्यावर आपटून, जराशी उशिरा.
एकीचा चढ दुसरीच्या उतारात पडला
की दोघी मिळून शून्य.
कुणी बोललंच नाही, असं नव्हे.
तेच दोनदा बोललं गेलं, म्हणून ऐकू आलं नाही.

आह्तीला, म्हणजे माझ्या बापाला, हे कुणी शिकवलं नव्हतं.
हाइलुओतो बेटावर, बर्फाखालची जाळी ओढून आल्यावर
ओल्या मोज्यांनी तो स्वयंपाकघरभर फोन घेऊन हिंडायचा,
फ्रीजपाशी, खिडकीपाशी,
आणि चुलीपासून तिसऱ्या फळीवर
रेंज आली की तिथेच खिळायचा.
त्या फळीवर पेन्सिलीची फुली होती.
"इथून वीतभर हललो की तू जातेस," म्हणायचा.
मग माशांचे भाव, फेरीबोट बंद की चालू,
आणि बराच वेळ नुसता श्वास.

आता हलायचं काम मनोऱ्याचं.
शेकडो अँटेना जागा बदलत,
ठरवून एकमेकींच्या मागेपुढे बोलतील,
आणि त्यांची बेरीज एकाच माणसाकडे झुकेल
काळोखात कुणावर बॅटरी धरावी तशी.
माणसानं उभं राहावं, हवं तिथे.
प्रबंधात हे लिहिलंय मी. आकृती सात.

झोत एकीकडे वळवताना
दुसरीकडे मुद्दाम शांतता ठेवावी लागते,
शेजारच्याला त्रास नको म्हणून.
ती दिशाही आम्ही अंशांत मोजतो.

मार्चमधले तीन रविवार मी फोन उचलला नाही.
काम होतं. खरंच होतं.
रिंग वाजत राहिली असेल त्याच्या कानात
आणि तो फुलीवरून काडीभर सरकला असेल,
मग आणखी काडीभर,
चूक आपल्याच पायांची, असं धरून.