रात्री आवारात कोणी झोपते का?

पूर्वी कठाळे साहेब यायचे, दर फेब्रुवारीत,
स्कूटर कडुलिंबाखाली लावून.
गोदामाच्या दारातच थांबून वास घ्यायचे,
म्हणायचे, "वहिनी, ती वायर बदला,"
आणि दुसरी सांबारवडी उचलायचे.

आता साहेब नाहीत. लिंक येते.
'आपल्या मालमत्तेची पाहणी आपणच करा.
साधारण वीस मिनिटे लागतील.'

बावीस वर्षं लागली होती मला
हे गोदाम न बघायला शिकायला.

सतरंजीपुरा, मार्चमधलं अकरा वाजताचं ऊन,
पत्र्याखाली कूलरचं गवत आढ्यापर्यंत.
अर्ध्या शहराचा उन्हाळा निघेल इतका गारवा
सुतळीनं आवळून ठेवलेला,
आणि पाणी पडेपर्यंत तो गारवा नसतोच,
सरपण असतं नुसतं.
'मालाचे स्वरूप' असा खाना होता.
लिहिलं : कूलर साहित्य.
खोडलं.
लिहिलं : वाळलं गवत.

भिंती? विटांच्या.
शटरला बाहेरून कुलूप? हो.
लगेच हिरवी खूण उमटली, शाबासकीसारखी.
आग विझवायचं सिलिंडर? आहे की.
शेवटचं कधी भरलं?
उकिडवं बसून पदरानं लेबल पुसलं.
त्या साली वैजयंती दहावीत होती.
आता तिचा पोरगा शाळेत जातो.

'मुख्य विद्युत बोर्डाचा फोटो जोडा. कॅमेरा सरळ धरा.'
बोर्डाच्या वर कॅलेंडर, हेडाऊ किराणाचं.
दर वर्षी नवं, त्याच खिळ्याला.
हे होते तेव्हा हे अडकवायचे,
आता मी अडकवते, का तिथेच ते न विचारता.
फोटोत चकाकी येत होती म्हणून कॅलेंडर उतरवलं.

मागे भिंतीवर काळी जीभ,
हातभर उंच.

कुठल्या साली पेटलं होतं, कुणी विझवलं,
घरी येऊन हे त्या रात्री नीट जेवले होते का,
काहीच आठवेना, कारण सांगितलंच नव्हतं कुणी.
खिळा मात्र यांचाच :
तिरका, घाईत ठोकलेला.
दोन फोटो काढले, झाकून आणि न झाकता.
बराच वेळ बघत बसले.
दुसरा जोडला.

प्रश्न सत्तावीस.
रात्री आवारात कोणी झोपते का?
'हो'वर बोट ठेवलं की खाली लाल ओळ येते :
हप्ता वाढू शकतो.
बोट उचललं की जाते.

मन्साराम झोपतो. नऊ वर्षं,
गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत, पंख्याच्या वाऱ्याला.
विडी ओढत नाही, हे मी शपथेवर सांगेन,
पण शपथेचा खाना नाही.
'नाही' म्हटलं तर हप्ता तसाच राहतो
आणि मन्साराम कुठंच झोपत नाही.

हाक मारली. विचारलं,
"आग लागली त कुठून पळशील रे?"
हसला. मला वाटलं, दार दाखवेल एखादं.
"पयनार कुठून बाई?
शटरले त तुमचं कुलूप रायते, बाहेरून."

किल्ली माझ्या पर्समध्ये, गॅसच्या पुस्तकाशेजारी.
रोज साडेआठला तीन वेळा ओढून बघते मी ते कुलूप
आणि निर्धास्त घरी जाते.
चोराची भीती होती मला.
आत काय काय कोंडतेय ते मोजलं नव्हतं.

सत्तावीसला 'हो' भरलं.
लाल ओळ आली ती येऊ दिली.
अकराकडे परत गेले, हिरवी खूण पुसली.
'आपली माहिती बदलत आहात. खात्री आहे?'
कठाळे साहेबांनी असं कधी विचारलं नव्हतं.
वास घ्यायचे फक्त.

संध्याकाळी शटर खाली आलं,
कड्या आतून लागल्याचा आवाज आला.
माझा हात सवयीनं गेलाच
जिथं कुलूप असायचं तिथं.
एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं.
आतून मन्साराम म्हणाला,
"लावलं बाई. जा तुमी."